विपास्काचे स्नानगृह आणि ‘नीट’ हा शब्द

पोर्तुगालच्या दक्षिणेस अल्जुस्त्रेल नावाचे खाणींचे एक गाव आहे. १८७६ साली तेथील जुन्या खाणीच्या मळीच्या ढिगाऱ्यात कांस्याचा एक कोरीव पत्रा सापडला. रोमन काळी हे गाव विपास्का म्हणून ओळखले जाई. ते लुसितानिया प्रांतात मोडे, खाण सम्राटाच्या मालकीची होती आणि तिचा कारभार ‘प्रोकुरातोर’ हा अधिकारी पाही. पत्र्यावरचा लेख सर्वसाधारणपणे सम्राट हेड्रियनच्या काळातला (इ. स. ११७ ते १३८) मानतात. त्यात ना कोणाचा विजय आहे, ना कोणाची प्रशस्ती. गावातले निरनिराळे धंदे मक्त्याने कसे द्यायचे, याचे नियम तेवढे आहेत: लिलावाची दवंडी, चांभारकाम, न्हाव्याचे दुकान, धोब्याचे दुकान आणि स्नानगृह. (शाळामास्तरांना कर माफ असल्याचेही एका ओळीत सांगून टाकले आहे. या लेखाच्या वाचकांपैकी अनेकांना ही ओळ सर्वांत आवडेल, हे मी जाणून आहे.)

यातले स्नानगृहाचे कलम सर्वांत विस्तृत आहे. पाणी तापवणे, हौद भरता ठेवणे, भांडी राखणे ही कामे बाहेरच्या माणसाला करार करून सोपवण्याच्या पद्धतीचा इतका तपशीलवार प्राचीन पुरावा विरळाच. इतिहासाचे अभ्यासक त्यातून खाणींचे अर्थकारण काढतात, ते योग्यच आहे. मला मात्र हा मजकूर भाषेसाठी वाचावासा वाटतो.

प्रथम कलमे पाहू. मक्तेदाराने ३० जूनपर्यंतच्या मुदतीत स्वतःच्या खर्चाने रोजच्या रोज स्नानगृह तापवून खुले ठेवायचे. पहाटेच्या पहिल्या उजेडापासून सातव्या तासापर्यंत स्त्रियांसाठी, आठव्या तासापासून रात्रीच्या दुसऱ्या तासापर्यंत पुरुषांसाठी. पुरुषांकडून अर्धा ‘आस’ घ्यायचा, स्त्रियांकडून एक. सम्राटाच्या कामावर असलेले त्याचे दास आणि मुक्तदास, लहान मुले व सैनिक यांना फुकट. पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत भरलेले असले पाहिजे आणि कुंडात ते वाहते असले पाहिजे, स्त्रियांच्या वेळीही आणि पुरुषांच्या वेळीही. कांस्याची भांडी दर तिसाव्या दिवशी धुऊन, पुसून त्यांना ताजी चरबी चोळायची. मुदत संपताच ताब्यात दिलेले सर्व सामान जसेच्या तसे परत करायचे, वापराने जुने होऊन बिघडलेले असेल तेवढे सोडून. जळाऊ लाकडाचा साठा सदैव राखायचा. लाकूड विकायचे नाही. जाळण्यास निकामी अशा छाटलेल्या डहाळ्या विकल्या तर चालतील. हा नियम मोडल्यास प्रत्येक विक्रीमागे १०० सेस्टर्स खजिन्यात भरायचे. आणि स्नानगृह नीट चालले नाही, तर प्रत्येक वेळी २०० सेस्टर्सपर्यंत दंड.

लॅटिनमध्ये या मक्तेदाराला ‘कोंडुक्तोर’ म्हणतात. आपल्या एस.टी.तल्या कंडक्टरचा हा शब्दवंशातला पूर्वज, आणि तोही माणशी पैसे गोळा करीत होताच! पण त्याला पगार नव्हता. उलट तोच खजिन्याला भाडे देई आणि ते भाडे, लाकूड, माणसे हे सारे अर्ध्या-अर्ध्या आसातून भरून काढी. एका सेस्टर्सचे चार आस. म्हणजे २०० सेस्टर्सचा दंड ८०० स्त्रियांच्या किंवा १,६०० पुरुषांच्या प्रवेशशुल्काएवढा होतो. खाणीच्या गावात एवढी माणसे न्हायला किती दिवस लागत असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. तरीही हा करार केवळ जुलमी नाही. आवश्यक दुरुस्तीमुळे स्नानगृह बंद ठेवावे लागले, तर तेवढ्या दिवसांचे भाडे हिशेबाने वजा करण्याची मुभा त्यात आहे. जुने झाल्याने बिघडलेल्या वस्तूची भरपाई नाही, हेही मालकानेच लिहून दिले आहे.

आता हे काम प्रत्यक्षात काय होते? रोमन स्नानगृहाची जमीन विटांच्या ठेंगण्या खांबांवर उचललेली असे. भट्टीतली गरम हवा त्या पोकळीतून फिरे. वित्रुवियसच्या वास्तुग्रंथात या पोकळीचा तळ भट्टीच्या तोंडाकडे उतरता ठेवायला सांगितले आहे. आत टाकलेला चेंडू घरंगळत परत यावा, इतका. असे दगडविटांचे अवजड घर तापायला फार वेळ लागतो. पहाटे बायका यायच्या असतील, तर जाळ रात्रीच धरलेला असला पाहिजे. आणि रात्री दुसऱ्या तासाला पुरुष बाहेर पडले, की पुन्हा दुसऱ्या दिवसाची तयारी. मधल्या सातव्या-आठव्या तासाच्या सांध्यात जी काय फुरसत मिळेल ती. करारात ‘रोज तापवावे’ एवढेच येते. रात्र येत नाही.

ज्ञानही येत नाही. कोणते लाकूड आधी घालावे, जाळ केव्हा मंद करावा, भांड्याला चरबी किती चोळावी, यांपैकी काहीही पत्र्यावर नाही. त्याऐवजी एक क्रियाविशेषण पुन्हा पुन्हा येते: ‘रेक्ते’, म्हणजे नीट. पाणी नीट पुरवावे, भांडी नीट राखावीत, स्नानगृह नीट चालवावे. नीट म्हणजे कसे, हे त्या गावातल्या त्या माणसाला ठाऊक होते. म्हणून तर त्याला मक्ता दिला. नीट झाले की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मात्र प्रोकुरातोरचा. एकाचे सारे कसब आणि दुसऱ्याची सारी सत्ता एकाच शब्दात बसवली आहे. दंडही त्याच शब्दाच्या आधाराने व्हायचा.

एकाच जागी या दरबारी भाषेत कारागिराचा शब्द शिरला आहे. पाणी कुठवर भरावे? तर ‘सर्वांत वरच्या बेडकापर्यंत’. लेखात ‘राना’, म्हणजे बेडूक, असाच शब्द आहे. ती भांड्यावर कोरलेली खूण होती की तोटीचा आकार, यावर विद्वानांत मतभेद आहेत. अनुवादक बहुधा ‘खूण’ म्हणून मोकळे होतात. मला तो बेडूक बेडूकच राहू द्यावासा वाटतो. भट्टीवर राबणाऱ्यांच्या बोलीतला शब्द कायद्याला इथे जसाच्या तसा उचलावा लागला, कारण त्याच्याकडे दुसरा शब्द नव्हता.

आज पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्था पोहण्याच्या तलावासाठी देखभालीचे करार करतात, त्यांचा सांगाडा याहून फारसा वेगळा नसतो: वेळा, पाण्याची प्रत, सामानाची परतफेड, दंड. फरक एवढाच की क्लोरीनचे प्रमाण आणि पीएच आता आकड्यांत मोजता येतात. विपास्कात पाण्याच्या शुद्धतेचे माप एकच, ते वाहते आहे की नाही. ते पुरेसे नव्हते. ताज्या जखमेनिशी स्नानगृहात जाऊ नये, जखम चिघळते, असे सेल्ससने आपल्या वैद्यकग्रंथात बजावले आहे. मार्कस ऑरेलियसला स्नान म्हटले की तेल, घाम आणि तवंग धरलेले पाणी आठवे. आतड्यांतल्या परजीवींच्या अवशेषांवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही रोमन स्नानगृहांनी जंतांचा प्रादुर्भाव घटल्याचे दिसले नाही. नीट राखलेले स्नानगृहही आपल्या अर्थाने निर्मळ नव्हते, आणि हा दोष भट्टीवाल्याचा नव्हता.

साहित्यात हा माणूस कुठे सापडतो? सेनेकाच्या एका पत्रात स्नानगृहावरच्या बिऱ्हाडात राहतानाचा कोलाहल आहे. वजने उचलणाऱ्याचे हुंकार, मालिशवाल्याच्या हाताचे चपाटे, पकडलेला चोर, पाण्यात धाडकन उडी घेणारे, केस उपटणाऱ्याची आरोळी, खाद्यपदार्थ विकणारे. एवढ्या आवाजांत भट्टीत लाकूड सारल्याचा आवाज नाही. दुसऱ्या पत्रात तो स्किपिओच्या साध्यासुध्या स्नानगृहाचे गोडवे गातो आणि म्हणतो की पूर्वी मोठमोठ्या घराण्यांतले एडाइल अधिकारी स्वतः स्नानगृहात शिरून स्वच्छता तपासत, पाण्याची ऊब हाताने पाहत. साहित्याने पाण्यातला एक हात असा जपून ठेवला आहे. तो तपासणाऱ्याचा आहे.

तापवणारा भेटतो तो कायद्याच्या ग्रंथात, आणि झोपलेला. तिसऱ्या शतकातल्या उल्पियनने पुढील प्रश्न चर्चिला आहे. एका कुळाचा भट्टीवरचा दास भट्टीपाशीच झोपी गेला आणि घर जळाले. ही भट्टी स्नानगृहाचीच होती असे नव्हे, पण काम तेच. कुळाने भरपाई द्यावी काय? नेरातियस या आधीच्या कायदेपंडिताचे मत असे, की माणसे निवडताना कुळाने हयगय केली असेल तर द्यावी. काम कोणावर सोपवले ही निवडच जबाबदारीची ठरते, असा विचार इतक्या जुन्या काळी इतका स्पष्ट मांडलेला पाहून कौतुक वाटते. पण माझे लक्ष पुढच्या वाक्यावर खिळते. झोप ही तर माणसाला निसर्गतः येणारच, असा बचाव कोणी करील, हे उल्पियनला सुचते आणि तो बचाव तो लगेच फेटाळतो: त्याने आधी आग विझवायची होती किंवा ती पसरणार नाही असा बंदोबस्त करायचा होता. कायद्याचा निकाल झाला. पण ‘झोप येणारच’ हे क्षणभर का होईना कोणाच्या तरी मनात आले, याची नोंदही त्याबरोबर राहिली.

रोम शहरात इ. स. ९७ मध्ये फ्रोंतिनस पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. हाताखालच्यांच्या सल्ल्यावर अधिकारपद चालवणे त्याला लाजिरवाणे वाटे, म्हणून तो स्वतः सारे शिकला आणि त्याने ग्रंथ लिहिला. त्याच्या वेळी कालवे राखायला ७०० दास होते: २४० सार्वजनिक, ४६० सम्राटाचे. त्याआधी हे काम ठेकेदारांकडे असे. ठेकेदाराने शहरात व शहराबाहेर ठरावीक संख्येने कारागीर दास ठेवायचे आणि कोणता माणूस कोणत्या विभागात, हे नावानिशी सरकारी दप्तरात नोंदवायचे, असा दंडक होता. नावे लिहिली जात होती! ती दप्तरे उरली नाहीत. नावे लिहिण्याचा नियम उरला.

पाण्याच्या कारागिरांवर विश्वास टाकल्याचा एक दाखला आपल्याकडे आहे, म्हणून त्याचा उल्लेख करतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा, म्हणजे साधारण उल्पियनच्याच शतकातला, एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी गोवर्धनातील श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. त्यांत तेल्यांची श्रेणी आहे, तिच्याकडे ५०० कार्षापण. आणि ‘ओदयंत्रिक’, म्हणजे अभ्यासकांनी लावलेल्या अर्थाप्रमाणे पाण्याची यंत्रे करणारे, त्यांच्याकडे २,०००. विपास्काच्या मक्तेदाराला लाकडाची मोळीही विकू द्यायला सम्राटाचा अधिकारी तयार नव्हता. इथे पाणीवाल्यांच्या हाती दुसऱ्यांच्या औषधाचे पैसे दिले, तेही परत न घेण्याच्या बोलीने. लेखात विष्णुदत्तेचे नाव आहे, तिच्या पित्याचे, अग्निवर्म्याचे आहे, पती रेभिलाचे आहे, पुत्र विश्ववर्म्याचेही आहे. ओदयंत्रिकांपैकी मात्र एकाचेही नाही.