छायाचित्र, संगणक आणि वाट पाहण्याचा इतिहास

२००७ सालच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही दोघा सहकाऱ्यांनी काही जुन्या मासिकांचे अंक आणि एका दिवंगत प्राध्यापकांची टिपणे स्कॅन करण्याचे काम घरीच हाती घेतले. कागद पिवळा पडलेला, शाई उडालेली. प्रत्येक पानाची प्रतिमा सरळ करून, उजळून वाचनीय करावयाची होती. घरातला संगणक एकेका पानाला इतका वेळ लावी, की मधल्या काळात चहा होऊन तो पिऊनही व्हावा. तेव्हा दुसरा संगणक घ्यावा, दोन्ही केबलने जोडावेत, म्हणजे काम दुप्पट वेगाने होईल असा सरळ हिशेब आम्ही मांडला. तो चुकला. का चुकला हे समजून घेताना जो इतिहास समोर आला, तो साहित्याच्या अभ्यासकालाही परका वाटू नये.

छायाचित्र संगणकात प्रथम शिरले ते १९५७ मध्ये. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल किर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे छायाचित्र स्कॅन केले. ती प्रतिमा अवघी १७६ गुणिले १७६ बिंदूंची, म्हणजे एकतीस हजारांहूनही कमी बिंदूंची होती. छायाचित्र म्हणजे आकड्यांची रांग, हे त्या दिवशी सिद्ध झाले. आणि आकडे म्हटले की ते साठवणे, हलवणे व त्यांच्यावर गणित करणे आले. पुढची सारी प्रतीक्षा या तीन क्रियांत वाटली गेली आहे.

घरच्या संगणकावर छायाचित्राचे संपादन आणण्याचे श्रेय प्रामुख्याने नोल बंधूंना जाते. मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नोल यांनी १९८७ मध्ये मॅकिंटॉश प्लस या संगणकावर करड्या छटा दाखवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्या संगणकाचा पडदा केवळ काळा आणि पांढरा एवढेच जाणत असे. छटांचा आभास ठिपक्यांच्या दाटीविरळीतून निर्माण करावा लागे. वडिलांच्या डार्करूममध्ये घडलेली थॉमस यांची नजर आणि चित्रपटांतील दृश्यचमत्कृतींच्या क्षेत्रात काम करणारे त्यांचे बंधू जॉन यांचा अनुभव एकत्र आला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबी कंपनीने फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आणली.

संगणक जोडण्याचा इतिहास याहून थोडा जुना आहे. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्स यांच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आणली. सर्वव्यापी 'ईथर'ची कल्पना भौतिकशास्त्राने केव्हाच मोडीत काढली होती. तिचे नाव मात्र या तारेच्या रूपाने घरोघरी पोहोचले. आरंभीचा वेग सेकंदाला सुमारे ३ मेगाबिट होता. १९८० च्या दशकात तो १० झाला, १९९५ मध्ये १०० आणि १९९९ मध्ये साध्या तांब्याच्या तारेवर १००० मेगाबिटांपर्यंत गेला.

आता घरातला हिशेब मांडू. ६० लाख बिंदूंच्या रंगीत छायाचित्रात प्रत्येक बिंदूला तीन बाइट धरले, तर उघडलेल्या प्रतिमेला सुमारे १८ मेगाबाइट जागा लागते. अशा दहा पूर्ण थरांची फाइल १८० मेगाबाइटची झाली. ती १० मेगाबिटांच्या तारेवरून जाण्यास, सर्व काही सुरळीत असले तरी, १४४ सेकंद लागतील. १०० च्या तारेवरून सुमारे १४. १००० च्या तारेवरून दीड सेकंदही नाही. परंतु तार वेगवान झाली म्हणून काम वेगवान होतेच असे नाही. रॅम अपुरी असेल तर फोटोशॉप उरलेला भाग तात्पुरता हार्ड डिस्कवर ठेवतो, आणि डिस्क रॅमच्या तुलनेत फारच मंद. आमच्या संगणकाचे दुखणे नेमके हेच होते. आम्ही नवा प्रोसेसर आणि केबल यांवर खर्च केला. हवी होती ती रॅम.

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. दहा मिनिटांच्या कामात सहा मिनिटे डिस्कची आणि चार प्रोसेसरची असतील, तर प्रोसेसर दुप्पट वेगवान केल्याने काम पाच मिनिटांत नव्हे, आठ मिनिटांत होते. म्हणून संगणक निवडताना सर्वांत वेगवान भाग कोणता, यापेक्षा आपण कोणत्या भागासाठी थांबतो आहोत हे विचारणे शहाणपणाचे ठरते.

मग अनेक संगणक जोडून वेग वाढतच नाही काय? वाढतो. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ प्रोसेसर इथरनेटने जोडून एक महासंगणक उभा केला आणि प्राचीन इंग्रजी महाकाव्यावरून त्याचे नाव 'बेओवुल्फ' ठेवले. १९९५ च्या 'टॉय स्टोरी' या चित्रपटाची दृश्ये ११७ संगणकांनी वाटून घेऊन रेखाटली. पण तेथे प्रत्येक चौकट दुसरीवाचून तयार होऊ शकत होती. संपादनाचे तसे नाही. छाया किती उजळली हे पाहिल्याशिवाय पुढची पायरी ठरत नाही. कविता तपासताना दहा माणसांनी एकेक ओळ वाटून घ्यावी तसा तो प्रकार होईल. शंभर पाने दोघांत वाटता येतात. एका पानाविषयीचा निर्णय वाटता येत नाही.

आणि वाटणीलाही किंमत असते. जोडलेल्या संगणकांवर आम्ही एकच फोल्डर सामाईक ठेवला होता. एका दुपारी आमच्यापैकी एकाने त्यातील एक पान उजळून, डाग काढून मूळ फाइलवरच जतन केले. पान स्वच्छ झाले. पण समासात पेन्सिलीने लिहिलेल्या दोन फिकट ओळी डाग समजून पुसल्या गेल्या. मूळ कागद तोवर मालकांकडे परत गेला होता आणि पुढे तो घर बदलताना हरवला. त्या ओळी आज कोठेही नाहीत. दोष यंत्राचा नव्हता. यंत्राने सांगितले तेच केले, आणि यावेळी चटकन केले.

पाठसंपादनाची परंपरा असलेल्या भाषेच्या अध्यापकांकडून ही चूक घडावी, हे आम्हाला अधिक लागले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये आरंभलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिच्या संपादकांनी न स्वीकारलेले पाठ पुसले नाहीत. ते पानाच्या तळाशी नोंदवले. फोटोशॉपही हळूहळू याच तत्त्वाकडे आला. १९९४ मध्ये त्यात थर आले आणि १९९६ मध्ये मूळ बिंदूंना हात न लावता छटा बदलणारे थरही. मात्र प्रत्येक थर स्मृती मागतो. मूळ जपायचे तर थोडे थांबावे लागते.

पुढे ही प्रतीक्षा घटत गेली. ३२ बिटांच्या संगणकावरील ४ गिगाबाइट स्मृतीची मर्यादा फोटोशॉपने विंडोजवर २००८ मध्ये आणि मॅकवर २०१० मध्ये ओलांडली. फिरत्या चकत्यांची जागा फ्लॅश स्मृतीने घेतली. आज असे पान डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उजळते. आमची पद्धत मात्र त्या उन्हाळ्यापासून बदलली आहे. मूळ स्कॅन वेगळ्या डिस्कवर, केवळ वाचण्यापुरते ठेवतो. संपादन नकलेवर करतो. आणि जतन करण्यापूर्वी दोघेही ते पान एकदा पाहतो. त्यात वेळ जातो. तो वाचवावा असे आम्हाला वाटत नाही.