तळटीप : पसंदाबागेतली कबर

* पसंदाबाग : लखनौच्या ठाकुरगंज भागातील या जागी गायिका बेगम अख्तर यांची कबर आहे. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी त्या अहमदाबादेत वारल्या. दफन मात्र लखनौला, आई मुश्तरीबाईंच्या शेजारी झाले. कबरीची पुढे वर्षानुवर्षे आबाळ झाली, त्यावरून चाहत्यांचा शोक वरवरचा होता, असे लेखकाने येथे सुचवले आहे. ते पटत नाही. आबाळ खरी, लाजिरवाणीही. पण ठुमरी-गझलेच्या श्रोत्याचे दुःख दगडापाशी थांबत नाही, ते पुन्हापुन्हा ऐकण्यात मुरते. शांती हिरानंद यांच्यासारख्या शिष्यांनी ती गायकी चालवली. काश्मिरी कवी आगा शाहिद अली यांनी आपल्या १९७९च्या इंग्रजी संग्रहाच्या नावातच बेगमांची स्मृती गुंफली. ध्वनिमुद्रिका होत्या म्हणूनच आठवण टिकली, असा आक्षेप येईल. पण मुद्रिका पुष्कळांच्या निघाल्या आणि विसरल्याही गेल्या. वरच्या सुरात क्षणभर चिरणारा बेगमांचा आवाज दोष न मानता जिवापाड जपला, तो श्रोत्यांनीच. २०१२ साली कबर विटा-संगमरवरात नीट बांधून झाली, तीही शिष्या आणि चाहत्यांच्या पुढाकाराने.