मुळांत घुसलेला कोड

लहानपणी सुट्टीत गावी गेलो की आजीबरोबर भुईमूग उपटायला जायचो. वेलाच्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसायच्या. मला वाटायचं, रोग पडलाय. आजी म्हणायची, "आरं, खत हाय त्ये. राहू दे रानात."

आजीचं बरोबर होतं. त्या गाठींत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर पुरवतं. १८८८ साली हॉलंडमध्ये मार्टिनस बायरिंक यांनी हे जिवाणू गाठींतून वेगळे काढून वाढवले. पण मातीतल्या असंख्य जिवाणूंमधून झाड नेमका हाच कसा ओळखतं, हे कळायला पुढची शंभरहून जास्त वर्षं गेली. आणि ते कळलं एका रोगाच्या जिवाणूची मदत घेऊन.

अमेरिकेत सफरचंदाच्या रोपांना बुंध्याशी केसांसारखी मुळं फुटण्याचा रोग होता. १९३० मध्ये ए. जे. रायकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचा जिवाणू ओळखला. त्याच्या नावात 'रायझोजिनिस' आलं, म्हणजे मुळं जन्माला घालणारा. त्याचा एक भाऊबंद आधीच बदनाम होता: झाडांवर गाठी आणणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ट्युमेफेशियन्स, १९०७ मध्ये स्मिथ आणि टाउनसेंड यांनी पकडलेला. १९४० च्या दशकात आर्मिन ब्राउन यांनी दाखवलं की जिवाणू मारून टाकला तरी त्याने आणलेली गाठ वाढतच राहते.

हे वाचताना मी थांबलो. प्रोसेस बंद केली तरी आउटपुट चालूच, म्हणजे तिने जाताना कुठेतरी काहीतरी लिहून ठेवलंय. तसंच होतं. १९७७ मध्ये सिअ‍ॅटलला मेरी-डेल चिल्टन आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलं की जिवाणू आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो. १९८२ मध्ये चिल्टन, डेव्हिड टेपफर आणि त्यांच्या गटाने केसाळ मुळांतही तेच घडतं हे दाखवलं. आमच्या भाषेत, कोड इंजेक्शन.

मग प्रश्न आला: हा आपला कोड घुसवतो, तर त्याच्याबरोबर आपणही एखादं जनुक पाठवलं तर?

कडधान्यांच्या अभ्यासकांना हे हवंच होतं. त्यांच्या एका पेशीपासून अख्खं झाड वाढवणं किचकट, महिनोन्‌महिने चालणारं काम. १९८७ मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हूस इथे येन्स स्टौगार्ड यांच्या गटाने लोटस या शेंगवर्गीय वनस्पतीवर हा जिवाणू वापरला. २००१ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझच्या गटाने मेडिकॅगोसाठी सोपी रीत दिली. कोवळ्या रोपाच्या मुळाचं टोक कापायचं आणि जखमेवर जिवाणू लावायचा. काही आठवड्यांत नवी मुळं फुटतात. खोड-पानं जुनीच, मुळं मात्र बदललेली. बदल बियांत उतरत नाही. मेन ब्रांचला हात न लावता चाचणी, तीही काही आठवड्यांत!

२००३ मध्ये ऑर्हूसच्या गटाने दोन जनुकांवर बोट ठेवलं. ही जनुकं बिघडलेल्या लोटसच्या मुळांवर गाठी येतच नव्हत्या. केसाळ मुळांतून चांगलं जनुक परत दिलं आणि गाठी आल्या. रायझोबियमने पाठवलेला रासायनिक निरोप ओळखणारी ही दारावरची तपासणी होती. ज्वारी-गव्हाच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत, म्हणून आपण युरियाची पोती वाहतो. उद्या त्यांनाही हे शिकवायचं असेल, तर सुरुवात या दारापासूनच करावी लागेल.

गंमत म्हणजे २००१ मध्येच वर्गीकरण करणाऱ्यांनी केसाळ मुळांच्या या जिवाणूला रायझोबियम रायझोजिनिस असं नाव सुचवलं. म्हणजे आजी ज्याला खत म्हणायची तो आणि हा रोगकारक, नात्यातलेच निघाले.

आणि शेवटचा धक्का. २०१९ मध्ये तात्याना मत्वेयेवा आणि लेओन ओटेन यांनी अनेक वनस्पतींचे जीनोम चाळले. अ‍ॅग्रोबॅक्टेरियमकडून निसर्गातच आलेलं जनुक त्यांना ज्यांच्यात सापडलं, त्यांत भुईमूगही होता. घरच्या ग्रुपवर 'जनुकीय बदल म्हणजे विष' असा मेसेज आला की मी हल्ली वाद घालत नाही. एवढंच विचारतो, "आज खिचडीत दाण्याचं कूट होतं ना?"