अपयशेही छापणारा शल्यचिकित्सक

दहा रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली, आठ दगावले, दोन वाचले. वैद्यकीय मासिकात त्या दोघांचीच हकिकत छापून आली, तर वाचणाऱ्याला काय कळणार? गणिताच्या भाषेत, अपूर्णांकाचा अंश दिला पण छेद गायब! एकोणिसाव्या शतकात शल्यचिकित्सेचे बरेचसे लेखन असेच असे. हा छेद परत आणण्याचे मोठे काम केले थिओडोर बिलरोथ (१८२९-१८९४) यांनी.

१८६० साली ते झुरिचला प्राध्यापक झाले. तिथल्या सात वर्षांच्या कामाचा अहवाल त्यांनी १८६९ साली प्रसिद्ध केला. त्यात बरे झालेले होते, तसेच दगावलेलेही. जखमा चिघळून रुग्ण दगावणे तेव्हा नित्याचेच होते. लिस्टर यांचे जंतुनाशक पद्धतीवरचे निबंधच मुळी १८६७ सालचे. अशा वेळी आपल्या हातून झालेले मृत्यू मोजून छापणे म्हणजे नावलौकिक पणाला लावणे. आपल्या प्रयोगवह्यांत खाडाखोड करून 'बरोबर' केलेली निरीक्षणे पाहिली, की आम्हांला हा अहवाल हटकून आठवतो.

१८६७ साली ते व्हिएन्नाला गेले आणि अखेरपर्यंत तिथेच शिकवत राहिले. त्यांचे साहाय्यक वर्षानुवर्षे वॉर्डात राहून, हळूहळू जबाबदारी घेत तयार होत. चेर्नी हायडेलबर्गला, मिकुलिच क्राकोला, वोल्फलर ग्राझला प्राध्यापक झाले. अमेरिकेचे हॉलस्टेड यांनी युरोपात ही पद्धत पाहिली आणि बाल्टिमोरला आपल्या धर्तीवर रुजवली. आज आपल्या इस्पितळांत दिसणारे 'रेसिडेंट डॉक्टर' याच परंपरेतले. परिचारिकांच्या शिक्षणासाठीही बिलरोथ यांनी संस्था उभारली, आणि १८८८ पासून ते व्हिएन्नाच्या वैद्यक मंडळाचे अध्यक्ष होते.

एक डाग मात्र लपवता येत नाही. वैद्यकीय शिक्षणावरच्या १८७६ च्या ग्रंथात त्यांनी गरीब ज्यू विद्यार्थ्यांविषयी अनुदार मते मांडली आणि विद्यापीठातल्या ज्यूद्वेषाला खतपाणी मिळाले. पुढे ते ज्यूद्वेषाला विरोध करणाऱ्या संघटनेत सामील झाले खरे. पण लिहिलेले पुसले जात नाही.

त्यांची सर्वांत गाजलेली शस्त्रक्रिया २९ जानेवारी १८८१ ची. टेरेझे हेलर या बाईंच्या जठराच्या खालच्या टोकाला कर्करोग झाला होता. तेवढा भाग काढून उरलेले जठर लहान आतड्याला जोडायचे, हे त्यांच्या साहाय्यकांनी आधी कुत्र्यांवर करून पाहिले होते. याआधी पेआँ आणि रिडिगिअर यांनी माणसांवर असा प्रयत्न केला, पण त्यांचे रुग्ण वाचले नाहीत. हेलरबाई शस्त्रक्रियेतून सावरल्या. सुमारे चार महिन्यांनी, पसरलेल्या कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात टाके नीट भरून आलेले आढळले. त्यांचे ते जठर व्हिएन्नात जतन करून ठेवले आहे.