खांबासारखं वाढणारं सफरचंद

तोक्योतल्या होम सेंटरमध्ये, रोपांच्या विभागात, एक झाड तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. काठीसारखं सरळ, बाजूच्या फांद्या जवळपास नाहीतच, आणि खोडालाच चिकटून आलेली सफरचंदं. पाटीवर लिहिलेलं असतं ‘बॅलेरिना ट्री’. बाल्कनीतल्या कुंडीत मावणारं हे झाड पाहून मुलं हट्ट धरतात आणि आईबाबांना शंका येते, हे खरं की नुसतं शोभेचं? झाड अगदी खरं आहे, पण त्याची कूळकथा सुरू होते कॅनडात.

ब्रिटिश कोलंबियातल्या केलोना इथे विजिक नावाच्या बागायतदाराकडे मॅकिंटॉश जातीचं एक जुनं झाड होतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या शेंड्याजवळ एक फांदी निराळीच निघाली. जाडजूड, पानांनी गच्च, आजूबाजूला न पसरणारी. कुणी ती छाटून टाकली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तिची कलमं बांधली गेली आणि ‘मॅकिंटॉश विजिक’ जन्माला आलं. (हो, संगणकाचं नाव ज्यावरून आलं तेच हे मॅकिंटॉश.) जपानलाही ही जात परकी नाही. मेइजी काळात आलेल्या मॅकिंटॉशला इथे ‘आसाही’, म्हणजे सकाळचा सूर्य, असं देखणं नाव मिळालं आणि होक्काइदोत ते रुजलं.

पुढचं काम इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रात झालं. झाड बुटकं ठेवणाऱ्या एम-९ खुंटासाठी हे केंद्र आधीच प्रसिद्ध होतं. विजिकचा गुण प्रबळ असल्यामुळे संकरातून आलेल्या रोपांपैकी साधारण निम्मी खांबासारखीच वाढतात. त्यातून १९८०च्या दशकाच्या अखेरीस बोलेरो, पोल्का, वॉल्ट्झ आणि मेपोल या जाती बाजारात आल्या. चवीचं म्हणाल तर फुजीची सवय झालेल्या जिभेला त्या बेताच्याच वाटतील. फुजी ही आओमोरीतल्या फुजिसाकीची लेक. संकर १९३९चा, नाव मिळालं १९६२मध्ये. एक सफरचंद घडवायला तेवीस वर्षं! त्या मानाने खांबी जाती अजून लहान आहेत.

हे झाड असं का वाढतं, याचं उत्तर शोधण्यात जपानी संशोधकांचा मोठा वाटा आहे. विजिकच्या दहाव्या गुणसूत्रात सुमारे ८,२०० अक्षरांचा एक आगंतुक तुकडा घुसला आहे. त्यामुळे शेजारचं एक जनुक जास्त जोराने काम करतं आणि झाडातलं कार्यक्षम जिबरेलिन कमी होतं. हे जिबरेलिनही जपानी संशोधकांनीच शोधलेलं. भाताची रोपं उंच, फिकट होऊन कोलमडतात त्या रोगाला शेतकरी ‘बाकानाए’, म्हणजे खुळं रोप, म्हणत. १९२६मध्ये एइइचि कुरोसावा यांनी दाखवून दिलं की ही करामत बुरशीतून स्रवणाऱ्या द्रव्याची आहे. १९३५मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला नाव दिलं. भात ज्याच्या अतिरेकाने खुळावतो, त्याच्याच कमतरतेने सफरचंद शहाण्यासारखं एका जागी उभं राहतं.

मोरिओकाच्या सरकारी फळ संशोधन केंद्रात खांबी जातींवर काम चालतं, ते काही आपल्या बाल्कनीसाठी नव्हे. आओमोरी, नागानोतले बागायतदार म्हातारे झाले आहेत. शिडीवर चढून छाटणी, विरळणी, तोडणी करायला माणसं मिळत नाहीत. १८७५मध्ये आओमोरीच्या प्रांत कचेरीच्या आवारात लावलेल्या तीन रोपांपासून वाढलेला हा धंदा पुढच्या पिढीत कोण चालवणार, हा तिथला खरा प्रश्न आहे. फांद्या नसलेलं झाड म्हणजे छाटणी कमी आणि यंत्राला मोकळी वाट.

घरी लावणाऱ्यांनी पाटीवर ‘बॅलेरिना’खाली जातीचं नावही वाचावं. मेपोलची फुलं गडद गुलाबी, फळं लहान आणि आंबट. ती मुरंब्याला चांगली. खायचं सफरचंद हवं तर पोल्का किंवा बोलेरो पाहा. आणि एकटं झाड आणू नका, कारण सफरचंदाला फळ धरायला बहुधा दुसऱ्या जातीचे पराग लागतात. तुमच्याकडे पोल्का आणि समोरच्या काकूंकडे मेपोल असेल, तर एप्रिलमध्ये एक मऊ कुंचला घेऊन त्यांच्या घरी चहाला जा.