पाचशेच्या आत, पाचशेच्या बाहेर

एचआर म्हटलं की आपल्याला ऑफर लेटर, सुट्ट्यांचा हिशेब आणि 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' छापाचे ईमेल आठवतात. आम्हा आयटीवाल्यांना तर हे खातं कंपन्यांनीच काढलं असं वाटतं. भारतात मात्र या पदामागे एक जुनं भांडण आहे, मुकादमाशी.

मुंबईच्या गिरण्यांत कामावर घेणं आणि काढणं जॉबरच्या हातात असे. त्याला दस्तुरी दिल्याशिवाय काम मिळणं कठीण. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१च्या अहवालात सुचवलं, की भरती जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्या. १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्य शिकवणारी संस्था निघाली. तीच आजची 'टिस'. मग १९४८च्या कारखाने अधिनियमाने कलम ४९मध्ये सांगितलं: ५०० किंवा जास्त कामगार असतील, तर कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे. त्याची पात्रता आणि कामं राज्याने ठरवायची. महाराष्ट्राने हे नियम १९६६ मध्ये केले. अनेक राज्यांच्या नियमांत एक अट दिसते: या अधिकाऱ्याने व्यवस्थापनातर्फे कामगाराविरुद्ध उभं राहायचं नाही. पगार कंपनीचा, पण वकिली तिची नाही!

आता चंद्रपूरला या. बल्लारपूरची पेपर मिल १९४५ची. एवढ्या मोठ्या कारखान्याला हे कलम लागू होतं. कोळशाच्या मोठ्या खाणींसाठी १९५५च्या खाण नियमांत असाच अधिकारी आहे. पण मिलला लागणारा बांबू गडचिरोलीच्या जंगलातून येई, आणि तो तोडणारा गोंड किंवा माडिया मजूर या मोजणीत येत नव्हता. कारण कायदा 'कारखाना' मोजतो, म्हणजे एक ठरावीक आवार. किमान वेतनाचा कायदा जंगलातही होता, १९७०चा कंत्राटी कामगार कायदाही आला. पण तक्रार ऐकायला जागेवर होता कोण? ठेकेदार आणि त्याचा मुकादम. तेंदूच्या हंगामातही तेच. ७० पानांचं एक पुडकं, शेकडा पुडक्यांवर पैसे, आणि पुडकं चांगलं की वाईट हे घेणारा ठरवणार. गिरणीतून ज्याला हटवायचं होतं, तो मुकादम जंगलात टिकून राहिला.

त्याला खरा धक्का वेगळ्याच कायद्याने दिला. २००६च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. २७ एप्रिल २०११ला तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. बांबू विकणारी ग्रामसभाच आता काम देणारी झाली. हजेरी, मजुरी, हिशेब या सगळ्याची जबाबदारी तिची, आणि तोडणारेही तिचेच सभासद. मालक तोच, मजूरही तोच. अशा जागी कल्याण अधिकारी कुणाला म्हणायचं, हे १९४८च्या कलमात सापडत नाही.

२०२०च्या नव्या संहितेत ५००चा आकडा २५०वर आला. चांगलंच झालं. पण मोजणी अजूनही कारखाना, खाण आणि मळा यांचीच. तेंदूच्या हंगामात एकेका तालुक्यात हजारो माणसं पानं तोडतात. ती कुठल्याच आवारात मावत नाहीत, म्हणून कायद्याच्या गणितात शून्य धरली जातात. पुढचा आकडा ठरवताना बदलायला हवी ती मोजायची पद्धत.