कमळ
कमळ : गोड्या, संथ पाण्यात उगवणारी बहुवर्षायू वनस्पती व तिचे फूल (शास्त्रीय नाव नेलम्बो न्युसिफेरा), भारतीय साहित्यातील एक रूढ उपमान. मराठी शब्द संस्कृत ‘कमल’वरून आला. जलज, सरोज, नीरज, अंबुज हे पर्याय जन्मस्थानावरून पडले. ‘पंकज’ हे शास्त्रकारांचे योगरूढ शब्दाचे ठरलेले उदाहरण : चिखलात पुष्कळ काही उगवते, पण अर्थ कमळ एवढाच (पहा : शब्दशक्ती). पुंडरीक पांढरे, कोकनद तांबडे. रात्री उमलणारे कुमुद मात्र वेगळ्या कुळातले (पहा : कुमुद).

कविसंकेतानुसार कमळ सूर्योदयी उमलते, सायंकाळी मिटते. मिटल्या पाकळ्यांत अडकलेला भुंगा ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या स्नेहासाठी येतो : कोरडे लाकूड पोखरणारा तो कोवळ्या कळीत सापडतो. गीतेतील (५.१०) दृष्टांत पानाचा आहे. पानावर मेणचट, सूक्ष्म उंचवटे असल्याने थेंब न पसरता गोळी होऊन घरंगळतो. त्यावरून अलिप्तता सुचविली जाते (पहा : कर्मयोग). मुखकमल, चरणकमल, हृदयकमल ही रूपके वापराने झिजली आहेत. ‘करकमल’ आज मुख्यतः उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकांत आढळते.